काठावरून पाण्यात

मी पोहायला शिकले ती छत्तिसाव्या वर्षी, आणि तेही इथे इंग्लंडमधल्या लेस्टरला.

परभणीजवळ मामूंच्या शेतात विहीर आहे. पाठीला रिकामा डबा बांधून मामूंनी भाईजानला आत ढकललं आणि आठवड्यात तो डब्याशिवाय सूर मारायला लागला. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचे. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

इथे आमच्या भागातल्या पोहण्याच्या तलावावर रविवारी संध्याकाळी एक तास फक्त बायकांचा. काचांवर पडदे ओढतात, लक्ष ठेवायलाही बाईच. पहिल्या दिवशी मी सुती सलवार-कमीज घालून गेले, तर तिने काठावरच थांबवलं. सुती कापड पाणी पितं, जड होतं, ओढतं. मग बुर्किनी घेतली, म्हणजे अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख. अहेदा झानेटी या ऑस्ट्रेलियातल्या लेबनीज बाईंनी 2004 साली हा पोशाख बनवला. माझ्या कुडत्याला आतून नाडी आहे, ती पायजम्याला बांधायची. नाही बांधली तर कुडता फुगून छत्रीसारखा वर येतो. (एकदा विसरले होते. पुढचं विचारू नका.)

खालाला, म्हणजे मावशीला, फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “अपने में अच्छा दिखता क्या ये?” मी तिला अबू दाऊद या हदीससंग्रहातल्या, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या आठवणींच्या संग्रहातल्या, एका हदीसची आठवण करून दिली. पैगंबरसाहेब आणि त्यांच्या पत्नी हजरत आयशा यांची धावण्याची शर्यत झाली, त्या जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा धावल्या तेव्हा हरल्या, आणि पैगंबरसाहेब म्हणाले, ही त्या शर्यतीची परतफेड. खाला जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “वो जमाना अलग था.”

पाय सतत दुखायचे म्हणून रक्त तपासलं, तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी. ऊन कमी म्हणून इथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच थंडीत रोज 10 मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. माझ्यासारख्या अंग झाकून बाहेर पडणाऱ्यांना बाराही महिने. गंमत म्हणजे उन्हाळ्यात 43 अंश सोसणाऱ्या परभणीत अम्मीचाही रिपोर्ट तसलाच आला. शिवाय तिला शुगर आहे. डॉक्टर म्हणतात, चाला. पण कुठे? मैदानावर पोरांचं क्रिकेट, रस्त्यावर ऑटो, आणि बुरख्यातली बाई भरभर चालली की वाटेत चौघं विचारणार, “क्या हुआ, सब खैरियत?”

शेवटी तिने गच्ची धरली. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की वर जाते. टाकीपासून जिन्यापर्यंत एक फेरी, तसबीहचा, म्हणजे जपमाळेचा, एक मणी पुढे. 33 मणी झाले की खाली. कोवळं ऊन आलं की बाह्या वर सारते, गच्चीत कोण बघतंय! आता शेजारच्या दोघीही येतात, एक नणंदेच्या तक्रारी घेऊन.

काल मी मध्येच व्हिडिओ कॉल केला. अम्मी धापा टाकत म्हणाली, “रख फोन. गिनती चुकी मेरी.”