पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टरची जत्रा

२०२४ साली लेबर डे, म्हणजे अमेरिकेतली कामगार दिनाची सुट्टी, आणि बैलपोळा एकाच सोमवारी आले, २ सप्टेंबरला. एरवी आमच्या घरात कुणी याची दखलही घेतली नसती. पण आयोवातल्या माउंट प्लेझंट गावची जुन्या ट्रॅक्टरांची जत्रा, 'मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रियुनियन', दरवर्षी लेबर डेला संपते. शनिवार-रविवार गणपतीच्या मखराला देऊन झालेले होते, म्हणजे जायचं तर सोमवारीच. आणि निफाडहून आलेले माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, त्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टर बघायला जायचं?"

नानांनी पहिला ट्रॅक्टर घेतला तो बैलजोडी विकून. सेकंडहँड इंटरनॅशनल बी-२७५. ट्रॅक्टरबद्दल ते तासभर बोलतात. बैल कुणाला विकले ते आजवर सांगितलेलं नाही. हल्ली बैल नसलेल्या घरातली पोरं पोळ्याला ट्रॅक्टर धुऊन, फुगे-हार घालून वेशीपर्यंत मिरवून आणतात, त्याचीही त्यांना चीड आहे. "ज्याच्यापायी बैल गेले, त्याचंच कौतुक बघायला पैसे देऊन जायचं," असं म्हणून ते गप्प झाले. गप्प झालेल्या नानांशी वाद घालता येत नाही.

नवऱ्याला मात्र जायचंच होतं. आम्ही राहतो ते क्वाड सिटीज म्हणजे मिसिसिपीच्या दोन्ही काठांवरची गावं. मोलीनला ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरचं मुख्यालय, आणि पुण्यात मगरपट्ट्याला त्यांचंच तंत्रज्ञान केंद्र, त्यामुळे इथे मराठी घरं बऱ्यापैकी. नवरा हायड्रॉलिक्समधला माणूस. रोज स्क्रीनवर जे बघतो त्याचे खापरपणजोबा धूर सोडत चालताना त्याला बघायचे होते. चौदा वर्षांच्या लेकीचं म्हणणं, शंभर वर्षांपूर्वीची प्रदूषणं करमणूक म्हणून पुन्हा पेटवायची हा मूर्खपणा आहे. मखरवाल्या मैत्रिणीने फोनवर एका शब्दात निकाल लावला: "भंगार!" आणि मी? मला बॉयलरची धास्ती होती. २००१ साली ओहायोत, मेडिना काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर, एका वाफेच्या इंजिनाचा स्फोट होऊन पाच माणसं गेली. बॉयलरमधलं पाणी कमी झालं आणि भट्टीवरचा तापलेला पत्रा फाटला. त्यानंतर ओहायोने जुन्या बॉयलरसाठी परवान्याचे नियम आणले, हे नवऱ्याने मला समजूत घालायला म्हणून सांगितलं.

पण सगळ्यांत ठाम नकार घराबाहेरून आला. शेजारच्या आजोबांची हयात रॉक आयलंडच्या फार्मॉल ट्रॅक्टरच्या कारखान्यात गेली असती. १९२६ पासून चाललेला तो कारखाना १९८५ मध्ये शेवटचा ट्रॅक्टर काढून बंद पडला, तेव्हा ते ऐन पस्तिशीत होते. तो चालवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने शेतीचा सगळा धंदाच विकून टाकला होता. आयोवातले शेतकरी कर्जात बुडालेले, जमिनींचे भाव कोसळलेले, नवे ट्रॅक्टर घेणार कोण? आजोबांची बायको दरवर्षी माउंट प्लेझंटला बहिणीकडे जाते आणि जत्रा करते. आजोबा दरवर्षी घरी राहतात. नवऱ्याने त्यांना "चला आमच्याबरोबर" म्हटलं तर म्हणाले, "मी ते बनवलेत. आता रंगवून उभे केलेले बघायला मी का येऊ?" नानांना मी याचं भाषांतर करून सांगितलं. त्यांना माणूस पटला. पण घरी एकट्याने टीव्ही बघत बसण्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं, असं म्हणून शेवटी ते निघाले.

सकाळी पुरण घातलं. मातीचे बैल नव्हते म्हणून लेकीने कणकेचे केले, त्यांची पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि उरलेल्या पोळ्या डब्यात भरून आम्ही ६१ नंबरचा हायवे धरला. मस्कटीन, वॅपेलो, मग बर्लिंग्टनहून ३४ नंबरने पश्चिमेला. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मक्याची खालची पानं वाळायला लागलेली, सोयाबीन पिवळं पडत चाललेलं. "बांध कुठंय?" नानांनी विचारलं. बांध दिसत नाहीत इथे. नानांना याची दर वेळी नव्याने अस्वस्थता येते.

मॅकमिलन पार्कच्या गवतावर गाडी लावली आणि दार उघडताच दगडी कोळशाचा वास आला. पाठोपाठ शिट्टी. ही जत्रा १९५० साली सुरू झाली. शेतातली वाफेची इंजिनं तेव्हाच भंगारात निघाली होती आणि ज्यांनी त्यांच्यावर मळण्या केल्या ती माणसं अजून हिंडतीफिरती होती. त्यांनी एकत्र येऊन ती पुन्हा पेटवली. मैदानाभोवती तीन फुटी रुळांवर वाफेची आगगाडी फिरते. बाकी मग रांगाच रांगा: हिरवे जॉन डिअर, लाल फार्मॉल, केशरी ॲलिस-चाल्मर्स, आणि 'केस' कंपनीच्या इंजिनांवर पृथ्वीच्या गोलावर बसलेला गरुड.

रांगांबद्दल मला फार काही सांगायचं नाही. रंग नवा, टायर काळेभोर, पुढे पाटी, मागे घडीच्या खुर्चीत मालक. असे दोनशे बघितले की दोनशेएकावा दिसेनासा होतो. मैत्रिणीचा शब्द मला इथे आठवला आणि मी तो पुरता खोडूनही काढणार नाही. शेतात एक दिवस न गेलेला, बैठकीच्या खोलीइतका चकचकीत ट्रॅक्टर ही मला शोकेसमधली वस्तू वाटते.

चालणाऱ्या यंत्रांपाशी मात्र गोष्ट वेगळी. लहानसं एक सिलिंडरचं इंजिन आइस्क्रीमचं भांडं फिरवत होतं. त्याचा एकच ठोका पडायचा, मग नुसतंच 'हुश्श, हुश्श' करत चाक फिरत राहायचं आणि वेग उतरला की पुन्हा एक ठोका. ठरलेल्या वेगाच्या वर गेलं की वेग आवरणारा गव्हर्नर धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, त्यामुळे तेल जळत नाही, असं नवऱ्याने सांगितलं. नाना ऐकत नव्हतेच. ते डोळे मिटून म्हणाले, "आपल्या गिरणीचं इंजिन." नवऱ्याने हे वेगळ्या जातीचं, आपलं डिझेलचं होतं, वगैरे सुरू केलं, पण नानांच्या हातात तोवर आइस्क्रीम आलं होतं.

पुढे एका जुन्या जॉन डिअरपाशी लेक अडकली. या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरांचे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन जवळजवळ, मग खंड, मग पुन्हा दोन. हा आवाज १९६० पर्यंत त्या कंपनीची ओळख होता, मग चार-सहा सिलिंडरची नवी पिढी आली. याला हँडल नसतं. बाजूला उघडं, जड फ्लायव्हील असतं, तेच हाताने फिरवायचं. डंगरी घातलेल्या मालक आजोबांनी सिलिंडरवरच्या दोन छोट्या तोट्या उघडून दाब सोडला आणि लेकीला म्हणाले, ये, फिरव. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा तोट्यांमधून फस्स झालं आणि गडी चालू. आजोबांनी तोट्या बंद केल्या तसा ठोका भरीव झाला. लेक हात पुसत म्हणाली, "पण हे लीटरला किती जातं?" आजोबा मनापासून हसले. ट्रॅक्टर किलोमीटरवर नाही, तासावर मोजतात, हे नवऱ्याने तिला सांगितलं. मत तिने बदललं नाही, पण यंत्राचं पोट उघडं दिसतं हे तिला आवडलं. आताच्या ट्रॅक्टरात लॅपटॉप लावल्याशिवाय बिघाड कळत नाही, आणि दुरुस्तीचा हक्क कुणाचा यावर अमेरिकेत कोर्टकज्जे झाले आहेत. त्या मालकाच्या पेटीत पाने आणि एक हातोडा एवढंच होतं.

नाना शोधत होते ते वेगळंच. लाल रांगेत शिरून ते प्रत्येक ट्रॅक्टरच्या नाकाडावरचं चिन्ह बघत होते. काळ्या 'एच'वर लाल 'आय'. "हा आपल्या महिंद्राचा कोण?" त्यांनी विचारलं. नातं खरंच आहे. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ इथल्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेकडून आपल्याकडे आला. महिंद्राचा लाल तिथूनच. आणि इथल्या फार्मॉलचा लाल १९३६ पासूनचा, त्याआधी ते करडे असत. बी-२७५ काही त्या रांगेत दिसला नाही. नानांनी एका फार्मॉलच्या लोखंडी सीटवर, मालकाला खुणेनेच विचारून, बसून बघितलं आणि उतरले. "उसाची डबल ट्रॉली लावली तर हा पुढून उचलंल," एवढाच शेरा. पुढे जोडून बसवलेली दोन अरुंद चाकं, वर आडवा बार नाही. शेरा बरोबर होता. असे ट्रॅक्टर उलटून इथेही खूप माणसं मेली आहेत.

दुपारी मळणी. मी धास्तीने मागेच उभी राहिले, म्हणून मला सगळं नीट दिसलं. ठिणग्या पेंढ्यांवर पडू नयेत म्हणून वाफेचं इंजिन मळणीयंत्रापासून बरंच लांब, आणि मधे तो लांबलचक पट्टा, एक पीळ देऊन चढवलेला. पीळ दिला की पट्टा वाऱ्याने फडफडत नाही. इंजिनवाल्याची नजर बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर. दर थोड्या वेळाने तो ती बघत होता, आणि मग मीही बघायला लागले. यंत्र हललं, पट्टा ताणला, आणि पत्र्याच्या त्या प्रचंड पेटीचा खडखडाट सुरू झाला. "हडंबा!" नाना ओरडले. गाडीवरून दोन तरुण पेंढ्या टाकत होते. नाना दोरीला टेकून उभे, आणि पाचव्या मिनिटाला: "आडव्या टाकतोय. कणसं आधी जायला पाहिजेत. भरडंल तो." तेवढ्यात एका म्हाताऱ्याने खालून त्या पोरांना हातवारे केले आणि पेंढ्या सरळ पडू लागल्या. नानांनी नवऱ्याकडे बघितलं, बोलले नाहीत.

मला त्या मैदानावर जे हवं होतं ते जेवणाच्या तंबूत सापडलं. एवढं यंत्र एका शेतकऱ्याला परवडायचं नाही, म्हणून पंचक्रोशीतली घरं मिळून मळणी करत, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आपली सावड, आपलं इर्जिक. आणि ज्याच्याकडे मळणी त्याच्या घरच्या बाईने त्या सगळ्या टोळीला जेवायला घालायचं, उन्हाळ्यात, लाकडाच्या चुलीवर. इंजिनापुढे पाटी असते: कधीचं, किती अश्वशक्तीचं, कुणी दुरुस्त केलं. चुलीपुढच्या बाईची पाटी कुठे दिसली नाही. तंबूत चर्चच्या बायका मात्र उभ्या होत्या, मॅश्ड पोटॅटो वाढत. शेजारच्या आजी तिथेच भेटल्या, बहिणीबरोबर. मी विचारलं, आजोबा येत नाहीत आणि तुम्ही दरवर्षी येता, भांडण होत नाही? "तो कारखान्यात ट्रॅक्टर बनवत होता," त्या म्हणाल्या, "मी माझ्या बापाच्या शेतात चालवत होते. त्याला पगार आठवतो. मला गार वारा." मग त्यांनी पुरणपोळीचा तुकडा तोडला आणि यात भोपळा आहे का, म्हणून विचारलं.

घोड्यांच्या कडेला आम्ही उशिरा पोहोचलो. नाना तिथेच सगळ्यांत जास्त रेंगाळले. जाडजूड पायांची, नांगराची जोडी. त्यांनी खांद्यावर जुपणीचा व्रण आहे का ते बघितलं, नव्हता. पाय बघितले, नालांबद्दल मला विचारायला लावलं, आणि समाधान झाल्यावर डब्यातली शेवटची पोळी मागितली. घोड्यांना गोड देऊ नका, असं मालकाने सभ्यपणे सांगितलं. "बरोबर आहे त्याचं," नाना म्हणाले, आणि स्वतःच खाल्ली.

परतीच्या वाटेवर नवऱ्याने पुढचा बेत काढलाच. इलिनॉयमधल्या रँटूलला विषम सालांत असाच मेळा भरतो, 'हाफ सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस', तिथे जुने ट्रॅक्टर खरोखर शेतात नांगरतात. २०२५ला जाऊ या. लेकीने कानात इअरफोन घातले. मी म्हटलं, रांगा वगळून नांगरणीच बघायची असेल तर मी येते. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "तोवर मी घरी. तुम्हीच डिसेंबरात मोशीच्या किसानला या. तिथं निदान ठिबकचा भाव करता येतो." नवरा म्हणाला, नाना, ते प्रदर्शन वेगळं, हे वेगळं. त्यावरून वॅपेलोपर्यंत दोघांचं चाललं होतं.