इनटेक मॅनिफोल्डमध्ये तेल आढळले तर

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करण्यासाठी तिच्यापुढची रबरी नळी काढली आणि आत काळपट, चिकट तेल दिसले की बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘रिंगा गेल्या’ हेच. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, जातात हे खरे. पण माझ्या मते या तक्रारीत त्यांच्यावरचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, कारण तो खरा ठरला तर इंजिन उघडावे लागते आणि खोटा ठरला तर एक स्वस्त झडप न बदलल्यामुळे इंजिन विनाकारण उघडले जाते. त्याआधी तेल कोणत्या वाटेने आत आले हे ओल्या खुणांवरून ठरवता येते. म्हणूनच सापडलेले तेल लगेच पुसून टाकू नये. ते कुठे सुरू होते, कुठे दाट आहे आणि कुठे संपते हे आधी नीट पाहून घ्यावे आणि शक्य असल्यास फोटो काढून ठेवावेत.

थोडे तेल तिथे असणारच, हेही लक्षात घ्यायला हवे. धडधाकट इंजिनातही ज्वलनाचा काही वायू रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या तळाच्या पोकळीत, उतरतो. हा वायू पूर्वी सरळ बाहेर सोडला जात असे. 1960च्या दशकात अमेरिकेत, आणि तिथेही सर्वांत आधी कॅलिफोर्नियात, तो पुन्हा इनटेकमध्ये ओढून जाळण्याची पद्धत रूढ झाली. त्या वायूबरोबर तेलाचे बारीक तुषार येतात, त्यामुळे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या आतल्या भिंतीवर बोटाला लागेल इतका पातळ थर असणे हा दोष नव्हे. तळाशी तेल साचलेले असेल, नळी तिरपी केल्यावर ओघळत असेल किंवा डिपस्टिकवरची (तेल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी भराभर उतरत असेल, तरच पुढचा तपास करावा. तपासाची पहिली पायरीही डिपस्टिकच आहे. तेल कमाल खुणेच्या वर भरलेले असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, तुषार वाढतात आणि बाकी सगळे ठीक असूनही मॅनिफोल्ड ओला होतो.

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पुढचा सगळा तर्क एका प्रश्नावर उभा राहतो: तेल थ्रॉटलच्या अलीकडे आहे की पलीकडे? क्रँककेसमधून वायू बाहेर पडण्याच्या वाटा साधारणपणे दोन असतात. पहिली पीसीव्ही झडपेतून (क्रँककेसमधला वायू इनटेककडे सोडणारी झडप) थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे जाते. दुसरी, म्हणजे ब्रीदरची नळी, टॅपेट कव्हरपासून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणापासून, निघून एअर फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपात उघडते. एरवी या दुसऱ्या वाटेने ताजी हवा आत येते. पीसीव्ही झडप चिकटून बंद झाली किंवा रिंगांमधून येणारा वायू झडपेला पेलेनासा झाला, तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ब्रीदरमधला प्रवाह उलटा फिरतो. मग एअर फिल्टरचा डबा आणि पुढचा पाइप तेलाने भिजतात. याउलट झडप उघडी राहिली तर मॅनिफोल्डमधला निर्वात क्रँककेसला सतत जोराने ओढत राहतो. अशा वेळी थ्रॉटलच्या अलीकडचा पाइप कोरडा आणि पलीकडचा मॅनिफोल्ड ओला दिसतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात जवळजवळ उरत नाही, आणि नेमका तेव्हाच खाली उतरणारा वायू सर्वाधिक असतो. म्हणून जी गाडी लांब पल्ल्यावर जोरात पळवली जाते, तिच्या अलीकडच्या पाइपातला थोडा ओलावा माफ करायला हरकत नाही.

पीसीव्ही झडप तपासायला फारशी साधने लागत नाहीत. इंजिन आयडलवर ठेवून झडप टॅपेट कव्हरमधून काढावी आणि तिच्या तोंडावर बोट धरावे: बोट चांगले ओढले गेले आणि इंजिनाचा वेग किंचित बदलला तर वाट मोकळी आहे. झडप हातात घेऊन हलवल्यावर आतला दट्ट्या खडखडला पाहिजे. तो मुका असेल तर झडप बदलावी. साफ करून पुन्हा बसवण्यात मला अर्थ वाटत नाही. अनेक नव्या इंजिनांत अशी सुटी झडप नसते, टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. तो फाटला की आयडलवर शिट्टीसारखा आवाज येतो, तेलाचे झाकण घट्ट ओढले गेल्यामुळे उचलायला जड जाते आणि झाकण उघडताच तो आवाज थांबतो. झाकण हलकेच उघडून त्या भोकावर कागदाचा तुकडा ठेवणे ही जुनी युक्तीही उपयोगी आहे. कागद किंचित खाली ओढला गेला तर ठीक. तो फडफडून उडत असेल, तर वाट तुंबली आहे किंवा खालून येणारा वायू जास्त आहे.

झडप चांगली असूनही तेल येत राहिले तर टॅपेट कव्हरच्या आतला तेल विलग करणारा पत्रा पाहावा. सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच. माझ्या एका स्नेह्याच्या गाडीला इंजिन ओव्हरहॉल करण्याचा सल्ला मिळाला होता. कव्हर काढून उलटे केले तेव्हा त्या पत्र्यामागचे तेल परत जाण्याचे छिद्र डांबरासारख्या गाळाने पूर्ण बुजलेले दिसले. विलग झालेल्या तेलाला खाली उतरायला जागाच नव्हती, म्हणून ते वायूबरोबर मॅनिफोल्डमध्ये जात होते. तेलबदल लांबवलेल्या आणि जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत हे वारंवार घडते.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा, असेल तर चित्र बदलते. ब्रीदर बहुधा टर्बोच्या आधी उघडत असल्यामुळे इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागात) तेल दिसले म्हणून टर्बोला दोषी धरू नये. आधी टर्बोत शिरणारा पाइप पाहावा. तो ओला असेल तर तेल क्रँककेसकडून येते आहे. तो कोरडा आणि बाहेर पडणारा पाइप ओला असेल, तर टर्बोचे सील किंवा त्याची तेल परत नेणारी नळी तपासावी. ही नळी तुंबली किंवा क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर चांगला टर्बोही तेल गाळतो. एअर फिल्टर चोंदला असतानाही तेच होते. डिझेल इंजिनात ईजीआरची (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इनटेकमध्ये आणणाऱ्या यंत्रणेची) काजळी या तेलात मिसळून मॅनिफोल्डची वाट अरुंद करणारा घट्ट थर बनतो. डिझेलमध्ये इंटरकूलरात साचलेले तेल तसेच राहू देऊ नये, कारण ते एकदम आत गेल्यास इंजिन त्या तेलावरच बेफाम पळू शकते आणि किल्ली फिरवून थांबत नाही.

तेल फक्त इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, सिलिंडर हेडच्या तोंडाशी असेल आणि मॅनिफोल्डचा वरचा भाग कोरडा असेल, तर व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर संशय घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर येणे ही त्याची खूण. काही व्ही आकाराच्या इंजिनांत मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून खालच्या पोकळीतले तेलही ओढले जाते.

एवढे सगळे पाहून झाल्यावर रिंगांकडे वळावे. कॉम्प्रेशन मोजून कमी आले, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब ठळकपणे वाढला तर गळती रिंगांतून आहे. लीकडाउन चाचणी त्याहून बोलकी असते: पिस्टन वरच्या टोकाला ठेवून आत दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

दुरुस्तीनंतर मॅनिफोल्ड, पाइप आणि इंटरकूलर पूर्ण पुसून कोरडे करावेत, डिपस्टिकची पातळी टिपून ठेवावी आणि 1000 किलोमीटरनंतर त्याच जोडण्या पुन्हा उघडून पाहाव्यात. सायलेन्सरमध्ये आधीच गेलेल्या तेलामुळे पहिले काही दिवस धूर येऊ शकतो, तेवढ्यावरून दुरुस्ती फसली असे धरू नये.