तुम्ही विचारलंत म्हणून : येतानाची बॅग

स्कूबा डायव्हिंगचा कोर्स संपतो, पास झाल्याचं कार्ड हातात पडतं आणि दोन दिवसांत मला मेसेज येतो, "ताई, स्कूबाच्या सामानाला बॅग कुठली घेऊ?" सामान काय काय घेतलंय असं उलट विचारलं, तर निम्म्या वेळा उत्तर येतं, "अजून काहीच नाही." बाजारात तुरी! तरी विचारताय, तर एकदाच सविस्तर सांगते.

वर्षातून एकदा तारकर्लीला जाऊन बुडी मारून येणार असाल, तर बॅग घेऊच नका. सगळं सामान तिथलेच देतात. सिलिंडर तर कुणीच घरून नेत नाही. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच 14 किलोच्या आसपास भरतो. फार तर मास्क स्वतःचा असावा, कारण तो ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला बसावा लागतो. तो डब्यासकट कुठल्याही पिशवीत मावतो. बीसीडी (हवा भरायचं, पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), फिन्स (पायांत घालायचे रबरी पंख), वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) असा संसार ज्यांनी थाटलाय, त्यांनीच पुढचं वाचावं.

माझी पहिली बॅग चाकांची होती. कडक पाठीची, आडव्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर एका बोटाने चालली आणि मी भुलले. रिकामी किती भरते हे विचारायचं सुचलंच नाही. साडेचार किलो! देशातल्या विमानांत बहुतेक ठिकाणी चेक-इनला 15 किलो मिळतात. त्यातले साडेचार नुसत्या बॅगेचे. बीसीडी सव्वातीन, फिन्स दोन, 3 मिलिमीटरचा वेटसूट दीड, बूट पाऊण, मास्क-स्नॉर्कल अर्धा. वर दोन किलो कपडे. अंदमानला निघताना काटा साडेचौदावर थांबला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

येताना तीच बॅग 17 किलो भरली. काही विकत घेतलं नव्हतं, एक शिंपलाही उचलला नव्हता. वाढलं होतं ते पाणी. वेटसूट वरून हाताला कोरडा लागतो, पण शिवणीत आणि अस्तरात पाणी धरून बसतो. बीसीडीच्या फुग्यात तर उलटी करून निथळली तरी पेलाभर राहतंच. काउंटरवर मी समुद्राच्या पाण्याचे पैसे भरले.

माझा हिशोब असा होता की शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसता येत नाही. सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास थांबायचं असतं, अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. तेवढ्या वेळात सामान वाळेल, असं मी धरून चालले. हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, दमट हवेत एका रात्रीत टॉवेल वाळत नाही, तर वेटसूट कुठला वाळायला! त्यात शेवटच्या दिवशी फेरीने पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, गाठायचं, म्हणजे ओलं सामान कोंबायचं आणि पळायचं.

तेव्हापासून बॅग बघताना मी येतानाचं सामान डोळ्यांपुढे आणते. जाताना सगळं कोरडं, घडी घातलेलं असतं. ते कुठल्याही बॅगेत राहतं.

म्हणून पहिला प्रश्न वजनाचा. रिकामी बॅग तीन किलोच्या वर असेल, तर तिथेच ठेवून या. दुसरं, तळाला पाणी निथळायला भोकं किंवा जाळी आहे का ते बघा. नुसत्या जाळीची बॅग बोटीवर उत्तम. होडीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे कडक बॅग कुणालाच नको असते, आणि जाळीची रिकामी झाली की चुरगाळून फळीखाली सारता येते. पण तीच घेऊन टॅक्सीत बसाल, तर सीट भिजेल आणि ड्रायव्हरच्या शिव्या खाव्या लागतील. मी वेटसूट आणि बूट गुंडाळी तोंडाच्या ड्राय बॅगेत घालते. पाणी आत जाऊ नये म्हणून बनवलेली ती पिशवी, मी पाणी बाहेर येऊ नये म्हणून वापरते. घरी पोचल्या पोचल्या मात्र ती उघडायची. एकदा चार दिवस विसरले होते. त्या वासाचं वर्णन नको.

चेनकडे नीट बघा. "चेन प्लास्टिकची आहे" असं दुकानदार सांगतो, ते अर्धंच खरं असतं. दात प्लास्टिकचे, पण रनर धातूचा, आणि खारं पाणी रनरलाच खातं. माझी पहिली बॅग पावसाळाभर माळ्यावर राहिली आणि पुढच्या हंगामात पक्कड लावून उघडावी लागली. आता बॅगही सामानाबरोबर गोड्या पाण्याने धुते आणि वाळल्यावर चेनवरून मेणबत्ती फिरवते.

चाकं हवीत का? विमानतळावर हवीत. वाळूत, धक्क्याच्या पायऱ्यांवर आणि ठाण्याच्या फुटपाथवर ती नुसतं ओझं होतात, आणि त्यांचा आस गंजला की किंचाळायला लागतात. मालवणला जायचं तर बहुतेक जण कुडाळपर्यंत रेल्वेने जातात. तिथे बर्थखाली मऊ बॅग दाबून सरकवता येते, कडक बॅग वाटेत उभी राहते आणि सगळा डबा तिला ठेचकाळतो. कंबर दुखत असेल तर बिनदिक्कत चाकांची घ्या. फक्त चाकं मोठी आणि स्क्रू काढून बदलता येणारी बघा.

फिन्सची लांबी घरून मोजून न्या. शक्य असेल तर फिन्सच दुकानात न्या. लोक हसतील, हसू दे. लिटरमधली मापं ऐकून काही कळत नाही. फिन तिरका बसतो की नाही, एवढंच कळायला हवं.

रेग्युलेटर या बॅगेत घालूच नका. त्याला गादीची छोटी पिशवी घ्या आणि नळ्या न मुडपता, मोठा वळसा देऊन केबिनमध्ये बरोबर न्या. ज्याच्या जिवावर पाण्याखाली श्वास घ्यायचा, ते सामान मी दुसऱ्या कुणाला फेकू देत नाही. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्याही केबिनमध्येच, तसा नियमच आहे. डाइव्हची सुरी मात्र खाली चेक-इनमध्ये. सुरक्षा तपासणीत ती हातातल्या पिशवीत सापडली, तर सोडूनच पुढे जावं लागतं.

रंगाचंही विचारता. काळा नको. बोटीवर दहातल्या आठ बॅगा काळ्या असतात. आणि अंगावर मोठ्या अक्षरांत "स्कूबा" लिहिलेली तर अजिबात नको, आत लाखाचा माल आहे हे स्टेशनभर कशाला सांगायचं? माझी सध्याची केशरी आहे, पाठीवर घ्यायच्या पट्ट्यांची, चाकं नसलेली, दोन किलोच्या आतली. घरात तिचं नाव "खारी". माळ्यावर तिच्या शेजारी कुणी गाद्या-गोधड्या ठेवत नाही.