तुम्ही विचारलंत म्हणून : कोकणातल्या अंगणात कोणतं फुलझाड टिकतं

गणपतीत आणि मे महिन्यात गावी आलेली माणसं मला हटकून एकच प्रश्न विचारतात. "दरवर्षी बी पेरायला नको, दरवर्षी रोपं आणायला नकोत, एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलतील अशी झाडं सांगा ना." पाठोपाठ बहुतेकदा तक्रारही येते : "उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस ठेवला, तरी रोपं जगली नाहीत."

रोपं उन्हाळ्यात गेली असं आपल्याला वाटतं. माझ्या मते त्यातली बरीचशी आषाढातच गेलेली असतात. आपल्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. झड लागून माती आठ-दहा दिवस गच्च राहिली की मुळं गुदमरतात, मग त्यांना बुरशी लागते आणि ती कुजतात. वर पानं मात्र हिरवीगार असतात, कारण ढगाळ हवेत झाडाला वरून पाण्याची फारशी मागणीच नसते. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की पानं पाणी मागतात आणि खाली मुळं उरलेली नसतात. झाड दोन दिवसांत माना टाकतं. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि आणखी दोन कळश्या ओततो.

म्हणून फूल बघून झाड निवडू नका, पाऊस बघून निवडा. जोराची सर येऊन गेली की तासाभराने छत्री घेऊन खळ्यात, परसात एक फेरी मारा. पाणी कुठे तुंबलंय, कुठून वाहून गेलंय, पागोळ्या कुठे पडतात, ते नीट बघून ठेवा. हाच तुमच्या बागेचा नकाशा. आपल्याकडे वीतभर मातीखाली जांभ्याचा कातळ असतो. त्यात खड्डा खणून माती भरली, की पावसात त्याचा हौद होतो. अशा जागी खाली खणण्याऐवजी वर चढा : चार चिरे लावून हातभर उंच वाफा करा आणि त्यात तांबडी माती, कुजलेला पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, नि शेणखत भरा. अबोली, मोगरा, निशिगंध, लिली अशा वाफ्यात सुखाने राहतात.

पाणी जिथे हटतच नाही, तिथे ते काढून लावायच्या खटपटीत पडू नका. तिथे सोनटक्का लावा. माझं सर्वांत आवडतं झाड हेच. आल्याच्या कुळातलं, जमिनीलगत आडवे गड्डे पसरत जाणारं. श्रावणापासून पुढे दोन-अडीच महिने त्याला फुलं येतात. संध्याकाळी उजेड उतरला की हिरव्या कणसातून एकेक कळी सुटते, आणि पांढऱ्या पाकळ्या उलगडता उलगडता वास पडवीपर्यंत येतो. हा वास रात्री हिंडणाऱ्या पतंगांसाठी असतो, म्हणून तो दुपारी फारसा येत नाही. सोनटक्क्याचा एक दांडा एकदाच फुलतो. फुलून झालेला दांडा बुडातून कापला की नव्या कोंबांना जागा मिळते. दर तीन-चार वर्षांनी मिरगाच्या आधी, म्हणजे जून लागायच्या सुमारास, बेट उकरून गड्डे वेगळे करावेत, नाहीतर मधला भाग जुनाट होतो आणि फुलं फक्त कडेला येतात. न्हाणीचं पाणी जातं तिथे सोनटक्का आणि कर्दळ दोन्ही लावता येतात. न्हाणीमागे कर्दळ, केळ आणि अळू लावणाऱ्या आपल्या आज्यांनी सांडपाण्याचा प्रश्न असाच सोडवला होता.

अनंत, पिटकुळी (नर्सरीतली एक्झोरा), जास्वंद आणि अबोली यांना आपली आंबट तांबडी माती मानवते. पण तुमचं घर समुद्राला लागून पुळणवट, म्हणजे वाळूच्या, जमिनीत असेल, तर अनंताकडे नीट बघा. नवी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर तो रोग नाही. पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतो, शिंपला म्हणजे चुनाच. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. सिमेंटच्या भिंतीला खेटून लावलेल्या पिटकुळीचंही असंच होतं. औषध मारून काही होत नाही. झाड भिंतीपासून चार हात लांब हलवा, आळ्यात तांबडी माती आणि कुजलेला पातेरा घाला, नवी पालवी हिरवी येते.

जास्वंदीची एक गोष्ट पाळली तर गणपतीत परडी भरते. तिला नव्या फुटव्यांवरच फुलं येतात. म्हणून मिरगाच्या सुमारास हलकी छाटणी करा, आणि छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या तिथेच गडग्याच्या कडेला खोचून द्या. पावसात त्यातल्या बऱ्याच मुळं धरतात. अबोलीच्या सुकलेल्या तुऱ्यांना पाणी लागलं की बोंडं तडतड फुटून बी उडतं आणि आजूबाजूला रोपं उगवतात, ती उचलून लावावीत. दिल्ली अबोली मात्र बी धरत नाही, ती फांदीनेच वाढवावी लागते.

खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे घराच्या पश्चिमेला, खुरचाफा, बोगनवेल आणि सदाफुली लावा. सदाफुली मूळची मादागास्करची, पण चिऱ्यांच्या भेगेत ती जशी रुजते तशी पोसलेल्या वाफ्यात रुजत नाही, कारण भेगेतलं पाणी निथळून जातं. बोगनवेलीला दिवाळीनंतर पाणी तोडा. भरपूर पाणी दिलंत तर नुसती पानं येतील. पश्चिमेच्या इतर झाडांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, तर मिठाने करपल्या असं समजा आणि आठवड्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने पानं धुऊन काढा.

गुलाब आणि शेवंतीबद्दल फार जण विचारतात. दोन्ही बहुवर्षायू खरी, पण आपल्या पावसात गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून झाड उघडं होतं आणि शेवंतीचे मुनवे, म्हणजे बुडातून फुटणारे कोंब, कुजतात. हौस असेल तर कुंडीत लावा आणि चार महिने पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या आत ठेवा. बागेचा कणा त्यांच्यावर उभा करू नका.

रानातली कळलावीही बागेत आणण्यासारखी आहे. पहिल्या पावसात तिचा कोंब वर येतो, पानाचं टोकच वळून आधाराला धरतं आणि वेल वर चढते. पिवळी-तांबडी फुलं भर पावसात येतात, हिवाळ्यात वेल जमिनीत गडप होते. पण तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, जहाल विष असतं. घरात लहान मूल किंवा गोठ्यात गुरं असतील तर ती रानातच असू द्या.

आता निगराणी. उन्हाळ्यासाठी केलेलं आळं मिरगाच्या आधी मोडा आणि माती बुडाशी चढवा, म्हणजे पाणी बाहेर वाहील. कार्तिकात परत आळं करा आणि वर पातेऱ्याचा जाड थर द्या. शेणखत भर पावसाआधी घालू नये, त्यातलं पोषण पाण्याबरोबर वाहून जातं. पाऊस ओसरल्यावर घालावं. शहरातल्या नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या पिशवीत बहुधा चिकट काळी माती असते. तो गोळा तसाच तांबड्या मातीत ठेवला तर पावसात पाणी त्याच्यातच धरून राहतं. बादलीत बुडवून अर्धी माती सोडवा आणि मग लावा.

त्यापेक्षा रोपं गावातूनच मागून घ्या. शेजारच्या परसात वीस पावसाळे काढलेलं झाड तुमच्याकडेही काढेल. कलमं हवी असतील तर दापोलीला 1972 सालापासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या रोपवाटिकेत चौकशी करा. आणि सोनटक्का हवा असेल तर मे महिन्यात माझ्याकडे या. गड्डे काढून ओल्या गोणपाटात बांधून देईन. नेल्यावर सावलीत ठेवा, पहिला पाऊस पडला की दोन बोटं खोल आडवे लावा. डोळा वर राहील एवढं बघा.