तिची पाळी, त्याची रात्रपाळी

मूल होण्यासाठी आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करणं) यांचा विषय निघाला की जोडपी आधी दवाखाना शोधायला लागतात. त्याआधी एकदा दोघांनी कालनिर्णय घेऊन बसा. या उपचारात बहुतेक सगळं तिच्या पाळीच्या तारखेवर ठरतं, आणि नवरा नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कामाला असेल तर त्याच्या शिफ्टवरही.

त्याची वीर्यतपासणी सगळ्यात आधी. स्वस्त आहे, सोपी आहे, तरी बऱ्याच घरांत ती शेवटी होते. तोवर बायकोची दुर्बिणीची तपासणीसुद्धा उरकलेली असते. सॅम्पलआधी 2 ते 7 दिवस वीर्यपतन नको. तेल, साबण, थुंकी, साधा कंडोम, यातलं काहीही वापरलं तर रिपोर्ट बिघडतो. घरून नेणार असाल तर डबी अंगाशी धरून तासाच्या आत लॅबमध्ये पोचवा. नाशिकरोडहून कॉलेज रोडला निघालात आणि द्वारकेला अडकलात, तर शुक्राणूंच्या हालचालीचा आकडा उगाच कमी येणार. त्यापेक्षा लॅबमध्येच द्या. रिपोर्ट वाईट आला तर तपासणी पुन्हा करायची. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे दीड महिन्यापूर्वीचा ताप आजच्या कागदावर दिसतो. तंबाखू सोडल्याचा फायदाही तसाच, तीनेक महिन्यांनी. भट्टीजवळचं काम किंवा द्राक्षबागेतली फवारणी असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

तिच्याकडे एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) कुठल्याही दिवशी चालतं. एफएसएच या हार्मोनची तपासणी आणि बीजांची सोनोग्राफी मात्र पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. नुसता डाग पडला तो दिवस धरू नका, अंगावरून नीट जायला लागलं तो पहिला. गर्भनळ्यांचा एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत. तोवर संबंध टाळा. फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम आत्ताच सुरू. रुबेलाची लस घ्यावी लागली तर पुढे एक महिना थांबावं लागतं, म्हणून ती चौकशी आधीच उरका.

आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं साधारण 8 ते 14 दिवस, रोज ठरलेल्या वेळी. सेकंड शिफ्ट असेल तर ती कोण देणार? खरी चूक होते ती ट्रिगरच्या, म्हणजे बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनात. सोमवारी रात्री साडेनऊला दिलं तर बीजं बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास काढतात. दोन तास उशीर झाला आणि कुणाला सांगितलं नाही, तर बीजं कच्ची निघू शकतात; म्हणून चुकलं तर त्याच रात्री फोन करा. बीजं काढायच्या दिवशी त्याचंही सॅम्पल लागतं, तेव्हा रजा दोघांची टाका.

या उपचारांसाठीच्या 2021च्या एआरटी कायद्याने स्त्रीचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 हवं, संमतीही दोघांची लेखी लागते. किती सायकल करायच्या, गोठवलेल्या गर्भांचं काय करायचं, हे सही करायच्या टेबलावर नाही, घरीच बोलून घ्या. दवाखान्याची नोंदणी विचारायला लाजू नका.

ट्रान्सफरनंतर (गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) गर्भ राहिला का याची रक्ततपासणी साधारण दोन आठवड्यांनी. तोवर घरच्या किटवर बघू नका. ट्रिगर एचसीजीचं (किट ओळखतं तेच हार्मोन) असेल तर सुरुवातीच्या दिवसांत दोन रेषा त्याच्यामुळेही उमटतात.