शिक्का मिळेपर्यंत: टोकियोतल्या गल्लीतील मांजरांच्या नसबंदीचा माझा अनुभव

टोकियोत रस्त्यावरच्या मांजराची नसबंदी करून घेण्यासाठी पिंजरा मिळतो, डॉक्टर मिळतात, खर्चाचा काही भाग वॉर्ड कार्यालयाकडून परतही मिळतो. मिळत नाही तो गल्लीच्या रहिवासी मंडळाचा एक लालसर गोल शिक्का. त्या शिक्क्यापायी आमच्या गल्लीतील एक भाटी व्याली आणि चार पिल्लांची भर पडली. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढील मजकुरातील सूर वाचकांच्या लक्षात येईल.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जपानमध्ये भटक्या मांजरांची वस्तीने मिळून देखभाल करण्याच्या पद्धतीला ‘चिइकी नेको’ म्हणतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस योकोहामा शहराच्या इसोगो भागातून ती पुढे आली आणि आता देशभरातील अनेक नगरपालिकांनी स्वीकारली आहे. मांजर पकडायचे, नसबंदी करून पुन्हा त्याच जागी सोडायचे, ठरलेल्या वेळी खायला घालायचे, त्याची घाण उचलायची आणि आहेत ती मांजरे आपले आयुष्य जगून हळूहळू कमी होऊ द्यायची, एवढाच तिचा गाभा आहे. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच देतात. तो कान चेरीच्या फुलाच्या पाकळीसारखा दिसतो, म्हणून अशा मांजरांना ‘साकुरा नेको’ हे नाव पडले आहे. बोक्याचा उजवा कान आणि भाटीचा डावा, असा सर्वसाधारण संकेत असल्यामुळे लांबूनही मांजर कोणते आहे आणि त्याचे काम झाले आहे का, हे कळते. पकडलेल्या मांजराला निष्कारण दुसऱ्यांदा भूल दिली जात नाही, हा या खाचेचा सर्वांत मोठा फायदा.

आमच्या इमारतीमागील सायकलतळावर तीन मांजरे येत असत. दोन बोके, पाटील आणि गुंड्या, आणि एक तिरंगी भाटी, जिचे नाव मी ठकी ठेवले होते. घर भाड्याचे आणि करारात पाळीव प्राण्यांना सक्त मनाई, त्यामुळे एखादे घरात घेण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरमध्ये मी वॉर्ड कार्यालयात जाऊन अर्ज आणला. खासगी दवाखान्यात बोक्याच्या शस्त्रक्रियेला साधारण १०,००० ते २०,००० येन आणि भाटीच्या शस्त्रक्रियेला २०,००० ते ३०,००० येन लागतात, त्यामुळे अनुदान मिळाले तर हवेच होते. अर्जासोबत मांजरांची छायाचित्रे, ती जिथे वावरतात त्या जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि किमान दोन वेगवेगळ्या घरांतील कार्यकर्त्यांची नावे द्यायची होती. दुसरे नाव आमच्या समोरच्या घरातील ऐंशीच्या घरातल्या आजींनी आनंदाने दिले. शेवटच्या रकान्यात मात्र ‘चोकाई’च्या अध्यक्षांची संमती आणि शिक्का मागितला होता, आणि आमचे घोडे तिथेच अडले.

चोकाई म्हणजे वस्तीतील रहिवाशांचे ऐच्छिक मंडळ. भूकंपाच्या वेळचा सराव, उन्हाळ्यातील उत्सव, कचरा ठेवण्याच्या जागेची निगा अशी कामे ते करते. सभासद बहुतेक स्वतःची घरे असलेले, वयस्कर लोक. भाडेकरू, त्यातही परदेशी भाडेकरू, त्यांच्या वहीत सहसा नसतातच. अध्यक्ष अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला दारातच खुर्ची दिली, चहा दिला, ठकीचे छायाचित्र चष्मा वर करून न्याहाळले आणि सांगितले की, वॉर्ड कार्यालयाने आमच्याकडे तशी अधिकृत विचारणा केली तर मंडळ जरूर विचार करील. मी कार्यालयात परत गेले. तिथल्या बाईंनी तितक्याच सभ्यपणे सांगितले की, चोकाई ही स्वतंत्र संघटना असल्यामुळे तिला असे काही विचारणे आमच्या अधिकारात बसत नाही, संमती अर्जदारानेच आणायची असते. कार्यालय चोकाईकडे बोट दाखवणार आणि चोकाई कार्यालयाकडे, आणि दोन्हीकडे मला कमरेत वाकून नमस्कार होणार! आपल्याकडे असल्या टोलवाटोलवीत निदान आवाज चढवून मन मोकळे करता येते. इथे तीही सोय नाही, कारण समोरचा माणूस तुमच्याआधी क्षमा मागून मोकळा झालेला असतो.

अखेर अध्यक्षांनी विषय कार्यकारिणीच्या बैठकीत घेण्याचे कबूल केले. बैठक महिन्यातून एकदा. जानेवारीची बैठक नववर्षाच्या मेजवानीत गेली, त्यामुळे घोंगडे फेब्रुवारीपर्यंत भिजत पडले. ज्यांना मांजरांचे शास्त्र ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. दिवस मोठे होऊ लागले की भाट्या माजावर येतात, आणि जपानच्या हवामानात ते जानेवारीच्या शेवटापासून सुरू होते. त्यातच सरकारी आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, अनुदानाचा निधी बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि शस्त्रक्रिया व पावती दोन्ही त्याच वर्षातील असावी लागतात. म्हणजे मांजरांना ज्या महिन्यांत नसबंदीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच महिन्यांत कार्यालयाची तिजोरी रिकामी आणि बैठका लांबणीवर. ही व्यवस्था आखणाऱ्याने कधी मांजर पाहिले असेल असे मला वाटत नाही.

फेब्रुवारीच्या बैठकीत एका सभासदांनी हरकत घेतली. निवृत्त गृहस्थ, घरासमोर कुंड्यांची लांबलचक रांग, आणि त्या कुंड्यांतील भुसभुशीत माती आमच्या तिघांनाही शौचासाठी भारी पसंत. त्यांनी भिंतीच्या कडेने पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, कारण पाण्यावरून चमकणाऱ्या उजेडाला मांजरे बिचकतात असा इथे जुना समज आहे. आपल्याकडे कुत्र्यांसाठी फाटकाबाहेर निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, त्याच जातीचा हा उपाय, आणि गुणही तेवढाच. पाटील त्यांतील दोन बाटल्यांच्या मधल्या जागेत अंग ताणून ऊन खात पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. संमती मिळवायची असेल तर मांजरप्रेमी शेजाऱ्यांकडे सर्वांत शेवटी जावे आणि तक्रार करणाऱ्याकडे सर्वांत आधी. मांजर किती गोड आहे हा विषय त्याच्यासमोर काढूच नये. मी त्या गृहस्थांकडे आजींना घेऊन गेले. आजींनी मांजरांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी कुंड्यांची चौकशी केली, शेवंतीला खत कोणते घालता ते विचारले आणि मग सहज म्हणाल्या, ‘ही भाटी यंदा व्याली तर शरद ऋतूपर्यंत तुमच्या कुंड्यांवर दुप्पट पाहुणे येतील.’ त्यानंतर मी कागद पुढे केला. सायकलतळाच्या कोपऱ्यात वाळूची पेटी कुठे ठेवणार, खाणे किती वाजता देणार आणि उरलेले किती वेळात उचलणार, रोज सकाळी कुंड्यांजवळची घाण कोण साफ करणार, हे सगळे त्यावर तक्त्यात मांडले होते. खाणे ठेवून निघून जाणे ही इथे सर्वांत मोठी तक्रार असते. क्योतो शहराने तर परिसराला त्रास होईल अशा रीतीने प्राण्यांना खायला घालण्याविरुद्ध २०१५ मध्ये स्वतंत्र नियमच केला. त्या गृहस्थांनी कागद दोनदा वाचला आणि सफाईची वेळ सातऐवजी सहा करायला सांगितली. मी ती तिथेच पेनाने बदलून दिली.

तरीही शिक्का मिळाला नाही, कारण आता विषय सर्व घरांना कळवणे आवश्यक ठरले आणि त्यासाठी ‘काइरानबान’ निघाले. काइरानबान म्हणजे क्लिप लावलेली एक पाटी. तिच्यावर सूचना अडकवतात, प्रत्येक घराने ती वाचायची, यादीत आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या दारी नेऊन ठेवायची. आमची पाटी अग्निसुरक्षेच्या पत्रकाखाली मांजरांचे पत्रक घेऊन निघाली आणि गल्लीच्या मध्यावरील एका घराच्या दारमुठीला प्लास्टिकच्या पिशवीत लटकत राहिली. घरातले लोक बहुधा मुलीकडे गेले होते. मी रोज कामावर जाताना त्या पिशवीकडे पाहत असे. एकदा पाऊस पडला, पिशवीच्या तळाशी बोटभर पाणी साचले आणि पत्रकावरील ठकीच्या छायाचित्राची शाई पसरून तिला तिसरा डोळा फुटला. दुसऱ्याच्या दाराची पाटी आपण उचलून पुढे न्यायची नाही, हा शिष्टाचार मला पक्का बजावलेला होता. शेवटी आजींनीच एका सकाळी झाडू मारता मारता ती पिशवी उचलली, पाणी ओतून टाकले आणि पाटी पुढच्या घरी देऊन आल्या. त्यांच्या वयाला हे खपते, माझ्या व्हिसाला खपले नसते.

तोपर्यंत ठकीचे पोट दिसू लागले होते. मांजराचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, कार्यकारिणीच्या दोन बैठका होईपर्यंत तो जवळजवळ उरकतो. अध्यक्षांनी शिक्का दिला तेव्हा तिने एका वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पेटीमागे पिल्ले घातलेली होती आणि त्या वर्षीचा निधी संपल्याचे पत्रक कार्यालयाच्या भिंतीवर लागले होते.

पुढील भाग सांगण्यासारखा फारसा नाही, कारण तो सुरळीत पार पडला. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, नवे वर्ष उघडताच, अर्ज दिला. पिंजरे कार्यालयाने उसने दिले. आमिष म्हणून कोपऱ्यावरील दुकानातील ‘काराआगे’ ही तळलेली कोंबडी घातली. महागड्या डबाबंद खाण्यापेक्षा तिचा वास लांबवर जातो आणि मांजर पकडणारे इथले जाणकारही तीच वापरतात. आदल्या रात्रीपासून खाणे बंद ठेवावे, म्हणजे मांजर भुकेने आत येते आणि भूल द्यायलाही पोट रिकामे राहते. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी. अंधार झाला की धडपड थांबते. दोन्ही बोके दुसऱ्या दिवशी परत सुटले. ठकीला मात्र पिल्लांचे अंगावरचे दूध तुटेपर्यंत थांबून मग नेले. डॉक्टरांनी विरघळणारे टाके घातले आणि बरेच दिवस टिकणारे प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, कारण रस्त्यावरच्या मांजराला टाके काढायला किंवा गोळ्या द्यायला पुन्हा कोण पकडणार? दवाखाना निवडताना हे दोन प्रश्न आधी विचारून घ्यावेत. सगळेच डॉक्टर भटकी मांजरे घेत नाहीत आणि पिंजऱ्यातूनच भूल देण्याची सवय सगळ्यांना नसते.

पिल्लांसाठी ‘जोतोकाई’, म्हणजे दत्तक देण्याचा मेळावा, गाठला. तिथे पिल्ले देणाऱ्याच्या भूमिकेत मला काही अडचण आली नाही, पण घेणाऱ्याच्या भूमिकेत जाऊ इच्छिणाऱ्या परदेशी मंडळींनी तयारी ठेवावी. व्हिसाची मुदत, मायदेशी परतताना मांजराचे काय करणार, घरमालकाची लेखी परवानगी, हे सगळे विचारतात आणि अनेक संस्था तेवढ्यावरच नकार देतात. मला तो प्रश्न अपमानास्पद वाटला नाही. बदली झाली की मांजर मागे सोडून विमानात बसणारे आपल्यातही आहेत.

पैशांबद्दल एक सूचना खास मराठी वाचकांसाठी. आपल्या पारपत्रावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते आणि इथल्या निवास ओळखपत्रावर ते सगळे सलग उतरते. दवाखान्यातील बाईंनी पावतीवर सोयीसाठी नुसते माझे आडनाव लिहिले, बँकेच्या पुस्तकात काताकाना लिपीत पूर्ण तीन नावे आहेत, आणि अनुदानाचा अर्ज ‘व्यक्ती एकच असल्याची खात्री होत नाही’ म्हणून परत आला. पावती लिहून घेतानाच ओळखपत्र पुढे करावे आणि तिन्ही नावे, त्याच क्रमाने, लिहायला लावावीत. नुसते आडनावही चालेल असे कोणी कितीही हसून सांगितले तरी ऐकू नये. स्वतःच्या नावाचा हांको, म्हणजे लहानसा शिक्का, करून घेतल्यासही बरे पडते. सही चालते असे कागदावर छापलेले असते, पण काउंटरवरील माणूस सहीकडे बघून आत कोणाला तरी विचारायला जातो आणि अर्धा तास जातो.

ज्यांच्या वस्तीतील मंडळ ठाम नकारच देते, त्यांनी ‘दोबुत्सु किकिन’ या संस्थेच्या मोफत नसबंदीच्या कुपनांची चौकशी करावी. ती संस्थेशी जोडलेल्या दवाखान्यांतच चालतात आणि कानाला खाच देणे त्यात सक्तीचे असते. माझ्या बाबतीत शिक्का मिळालाच, पण तो चालू आर्थिक वर्षापुरताच ग्राह्य आहे, असे त्या संमतिपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले आढळले. गल्लीत अलीकडे एक नवा करडा बोका दिसू लागला आहे, दोन्ही कान अखंड असलेला. त्यामुळे पुढच्या वर्षीचे संमतिपत्र मी नोव्हेंबरच्या बैठकीसाठीच देऊन ठेवले आहे आणि पाटी फिरवण्याचे काम आजींनी आपणहून मागून घेतले आहे.