म्हार्दोळचं घर

आज दुपारी गोव्यातलं, म्हार्दोळचं आमचं घर उघडायला गेलो होतो. पावसाआधी कौलं परतून घ्यायची होती, एवढंच. कुलूप गंजलेलं, खोबरेल सोडल्यावर कुठे हललं.

मे महिन्यात इथे आम्ही २२ जण असायचो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी मुंबईचे काका रात्रभर बसने येत, फोंड्याला उतरत, चेहरे सुजलेले. मग राजांगणात, म्हणजे घरामधल्या चौकात, तुळशीपाशी बादलीभर मानकुराद आंबे आणि कोयीवरून भांडणं. कोय कुणाची हे आजी ठरवायची. आत्तेच्या धाकट्याला नेहमी झुकतं माप, हे मी आजही बोलून दाखवतो! रात्री ओळीने चटया. पंखा एकच, म्हणून त्याखालची जागा जेवणाआधीच उशी टाकून अडवायची.

कोठीच्या दाराआड पेन्सिलीच्या रेघा सापडल्या, आमच्या उंचीच्या. माझी १९९३ ची आता कमरेशी येते. शेजारी दादाची, टाचा उचलून काढलेली. ग्रुपवर फोटो टाकला, तर ५ मिनिटांत पुणे, ठाणे, दुबई सगळे हजर. दादा अजून म्हणतोय, टाचा टेकलेल्याच होत्या.

कौलांच्या खर्चाचं विचारलं, तेव्हापासून ग्रुप शांत आहे.